जुन्या सैनिकी छायाचित्रांची संगणकीय रंगचित्रे : काय दुरुस्त करावे, काय राहू द्यावे

धार आणि देवास ही दोन्ही पवारांची संस्थाने. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी फौजा माळव्यात स्थिरावल्या आणि त्यांच्याबरोबर आलेली शिलेदार, कारकून, पुरोहित, कारागीर अशी अनेक घराणी येथेच रुजली. धारचे यशवंतराव पवार १७६१ साली पानिपतावर पडले. पुढे १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर जवळच महूची छावणी वसली. याच छावणीत सुभेदार रामजी सकपाळ सैनिकी शाळेत शिक्षक होते आणि येथेच १८९१ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. पुढची दोन महायुद्धे आणि स्वातंत्र्योत्तर काळातील १९४७, १९६२, १९६५ व १९७१ ची युद्धे लक्षात घेतली, तर आपल्या समाजातील कितीतरी घरांच्या भिंतीवर गणवेशातील एक तरी आजोबा, पणजोबा किंवा काका का दिसतात, हे वेगळे सांगावयास नको.

ही छायाचित्रे आता जीर्ण झाली आहेत. नातवंडे ती संगणकावर दुरुस्त करून, त्यांना रंग देऊन, कुंचल्याने काढल्यासारखी व्यक्तिचित्रे तयार करून घेतात. हौस चांगली आहे. परंतु या कामात एक गोष्ट वारंवार हातून निसटते आणि ती वैद्यकीय दृष्टीने पाहणाऱ्याला अधिक स्पष्ट दिसते. म्हणून हा लेखप्रपंच.

परंपरा जुनीच

छायाचित्रावर रंग चढविणे ही संगणकाने आणलेली कल्पना नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्याकडील स्टुडिओंमध्ये छापील छायाचित्रावर चित्रकार जलरंगांचे वा तैलरंगांचे लेप देत. संस्थानिकांची अशी असंख्य चित्रे आज संग्रहालयांत आहेत. भारतातील अग्रगण्य छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांच्या कारकिर्दीचा आरंभ इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यातील नोकरीच्या काळातच झाला. धारला तर पद्मश्री (१९६१) रघुनाथ कृष्ण फडके यांच्यासारखा शिल्पकार लाभला. मुंबईच्या गिरगाव चौपाटीवरील लोकमान्य टिळकांचा पुतळा त्यांचाच. हुबेहूब व्यक्तिशिल्पाची ही परंपरा ज्या गावाने जवळून पाहिली, त्या गावाला चेहऱ्याशी इमान राखणे म्हणजे काय, हे समजावून सांगण्याची गरज नसावी.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. पूर्वीचे छायाचित्रकारही निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून चेहरा नितळ करीत. म्हणजे आपल्या हाती येणारे चित्र आधीच थोडे सजविलेले असू शकते. म्हणून पुढील प्रत्येक पाऊल जपून टाकावे.

प्रथम इतिहास, मग तपासणी

रुग्णाला हात लावण्यापूर्वी आपण इतिहास विचारतो. येथेही तोच क्रम ठेवावा. छायाचित्र कोणाचे, कोणत्या वर्षीचे, पलटण कोणती, मागील बाजूस स्टुडिओचा शिक्का वा हस्ताक्षर आहे का, हे आधी लिहून घ्यावे.

गणवेश स्वतःही पुष्कळ सांगतो. बाहीवरील एक पट्टी लान्स नाईकाची, दोन नाईकाची, तीन हवालदाराची. अधिकाऱ्याच्या खांद्यावर राजमुकुट असेल तर चित्र २६ जानेवारी १९५० पूर्वीचे समजावे. त्यानंतर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभावरील सिंह आले. ‘जमादार’ ही श्रेणी १९६५ साली ‘नायब सुभेदार’ झाली, हेही जुनी पत्रे वाचताना उपयोगी पडते.

चित्र उलटे छापले गेले आहे काय, हेही पाहावे. पदके डाव्या छातीवर लावतात आणि पुरुषाच्या अंगरख्याची डावी बाजू उजव्या बाजूवर येते. याच्या विरुद्ध दिसले, तर प्रत उलट झाली असण्याचा संभव मोठा.

पदकांच्या फितींचे रंग अंदाजाने भरू नयेत; ते ठरलेले आहेत. दुसऱ्या महायुद्धातील ‘१९३९–४५ स्टार’च्या फितीवर गडद निळा, तांबडा व फिकट निळा असे तीन सारखे पट्टे असतात. ‘इटली स्टार’वर तांबडा, पांढरा, हिरवा, पांढरा, तांबडा असा क्रम आहे. ‘बर्मा स्टार’च्या गडद निळ्या फितीत मधोमध रुंद तांबडा पट्टा आणि दोन्ही निळ्या भागांच्या मध्ये एकेक नारिंगी पट्टी असते. फितीवरून सैनिक कोठे लढला ते कळते आणि त्यावरून गणवेशाचा रंगही ठरविता येतो. आफ्रिकेत खाकी सुती कापड, इटलीच्या थंडीत लोकरी पोशाख आणि ब्रह्मदेशात युद्धाच्या उत्तरार्धात हिरवा. नाईक यशवंत घाडगे (१९४४) व शिपाई नामदेव जाधव (१९४५) या मराठा वीरांना इटलीतील पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच मोहिमेतील आपल्या आजोबांना कोणी जंगलातील हिरवा गणवेश चढविला, तर तो इतिहासाचा विपर्यास होईल.

आणखी एक तांत्रिक मुद्दा. जुन्या काचा व फिल्मा निळ्या प्रकाशाला अधिक संवेदनशील, तांबड्याला जवळजवळ आंधळ्या होत्या. त्यामुळे तांबडी फीत काळी, फिकट निळी पांढरी आणि गव्हाळ त्वचा प्रत्यक्षाहून सावळी उमटे. ‘फोटोत काळे दिसतात, म्हणजे काळेच असतील’ हा निष्कर्ष म्हणून टिकत नाही. वर्णाची चौकशी घरातील वडीलधाऱ्यांकडेच करावी.

निदान : कागदाचा रोग की माणसाची खूण?

या लेखाचा गाभा हा आहे. छायाचित्रावरील प्रत्येक डाग दोनांपैकी एका ठिकाणचा असतो : कागदावरचा, किंवा माणसाच्या अंगावरचा. पहिला काढावा, दुसऱ्याला हात लावू नये.

हा भेद ओळखण्याच्या कसोट्या सोप्या आहेत. बुरशीचे ठिपके, पाण्याचे ओघळ, घडीच्या रेघा यांना चेहरा कोठे संपतो हे ठाऊक नसते. ते गालावरून कॉलरवर आणि कॉलरवरून मागच्या पडद्यावर सरळ जातात. त्वचेवरील वण त्वचेच्या सीमेतच थांबतो. वणाला खोली असते. स्टुडिओतील प्रकाश ज्या बाजूने आला, त्यानुसार त्याची एक कड उजळ व दुसरी गडद दिसते. कागदावरील डागाला प्रकाशाशी कर्तव्य नसते. घडी असेल तर मागील बाजूसही दिसते. कडेचा निळसर चकाकणारा थर हा चांदीचा, तर पिवळेपणा बहुधा छापताना नीट न धुतलेल्या रसायनाचा.

देवासच्या एका घरातील गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. पंचाऐंशीच्या घरातील एक आजी पणतूला लसीकरणासाठी घेऊन येतात. त्यांच्या वडिलांचे, दुसऱ्या महायुद्धातील शिपायाचे, रंगीत व्यक्तिचित्र नातवाने हौसेने करून आणले होते. चेहरा तुकतुकीत, नजर पाणीदार. आजी म्हणाल्या, “चित्र छान आहे हो डॉक्टरसाहेब, पण हे आमचे बाबा नव्हेत. बाबांच्या गालांवर देवीचे वण होते. लहानपणी मांडीवर बसून मी ते बोटाने मोजत असे.” मूळ छायाचित्र भिंगाखाली पाहिले. नाकावर व गालांवर गोल, खोलगट वण स्पष्ट होते. कपाळावरून पडद्यावर गेलेले बुरशीचे ठिपके निराळे. चित्र तयार करणाऱ्याने दोन्ही एकाच फटक्यात पुसले होते. नातवाने चित्र पुन्हा करून घेतले, वणांसह. आजींनी तेच भिंतीवर लावले.

आपणा डॉक्टरांना या वणांचे मोल निराळे सांगावयास नको. देवीने दगावणाऱ्यांचे प्रमाण सुमारे तीस टक्के होते. चेहऱ्यावरील तैलग्रंथी नष्ट झाल्यामुळे तेथेच खड्डे अधिक राहत. भारतातील अखेरचा रुग्ण १९७५ च्या मे महिन्यातला. १९७७ साली देश देवीमुक्त ठरला आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने जगातून देवीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. आज वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मुलांनी हे वण जिवंत चेहऱ्यावर क्वचितच पाहिले असतील. ज्या टेकडीवरील देवीच्या नावाने आपले गाव ओळखले जाते, त्याच गावातील सैनिकाच्या चेहऱ्यावरील देवीचे वण आपण पुसून टाकतो, म्हणजे तो एका रोगातून वाचला होता ही नोंदच पुसतो.

देवीप्रमाणेच डोळ्यातील फूल, फाटलेली कानाची पाळी, कपाळावरील जखमेची खूण, वाकडा दात. वैद्यकीय प्रमाणपत्रावर आपण आजही ‘ओळखीच्या खुणा’ लिहितो. ज्या खुणेने माणूस ओळखावा, तीच दोष म्हणून काढून टाकणे योग्य नव्हे.

बालरोगतज्ज्ञ म्हणून आणखी एक निरीक्षण. जुन्या समूहचित्रांत कित्येक शिपाई सतरा-अठरा वर्षांचे पोरसवदा दिसतात : मिसरूड न फुटलेले, जबड्याची वाढ पुरी न झालेली, अंगावर सैल गणवेश. नेमके वय चेहऱ्यावरून सांगता येत नाही. आपण त्यासाठी मनगटाचे क्ष-किरण चित्र पाहतो. परंतु ‘मराठा शिपाई म्हणजे मिशा हव्यातच’ म्हणून चित्रात मिशा भरल्या, तर युद्धावर गेलेला तो पोर हरवतो आणि त्याच्या जागी एक साचेबंद वीर उभा राहतो.

उपचार

मूळ छायाचित्रावर कोणताही उपचार करू नये. पाणी लागले की जिलेटिनचा थर फुगतो. आपल्या हाताशी नेहमी स्पिरिट असते. त्याचाही मोह टाळावा. मऊ कुंचल्याने धूळ झटकणे पुरे. माळव्याच्या पावसाळ्यात छायाचित्र तसबिरीच्या काचेला चिकटते. ते ओढून काढू नये, काचेसह स्कॅन करावे.

स्कॅनिंग किमान ६०० डीपीआयवर, रंगीत पद्धतीने आणि टिफ स्वरूपात करावे. साडेतीन बाय साडेपाच इंचाच्या पोस्टकार्डाचे मग २१०० बाय ३३०० बिंदू होतात आणि ३०० डीपीआयने सात बाय अकरा इंचांचे चित्र स्वच्छ छापता येते. त्याहून मोठे हवे असल्यास आरंभीच १२०० डीपीआय घ्यावे.

पुढील काम फोटोशॉप किंवा विनामूल्य मिळणाऱ्या गिम्पसारख्या प्रणालीत थरांनी करावे. सर्वांत खाली अस्पर्श मूळ प्रत; त्यावर दुरुस्तीचा थर; त्यावर छायाप्रकाशाचा; त्यावर रंगाचा; शेवटी कुंचल्याच्या फटकाऱ्यांचा. रंगाचा थर असा ठेवावा की मूळची उजळ-गडद छटा ढळणार नाही. फटकारे पार्श्वभूमीवर व कपड्यावर मोकळे, चेहऱ्यावर मात्र मोजके असावेत. प्रत्येक थर वेगळा असल्यामुळे कोणी वडीलधाऱ्याने ‘फेटा असा नव्हता’ म्हटले, तर तेवढेच बदलता येते.

यंत्राचा अंदाज

आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने हेच काम क्षणात करतात. ती लाखो चेहऱ्यांवरून शिकलेली असतात आणि जे दिसत नाही ते सरासरीने भरतात. समूहचित्रात चेहरा पाच मिलिमीटरचा असेल, तर मोठा करून दाखविलेल्या डोळ्यांतील चमक त्या सैनिकाची नसते. ती यंत्राची कल्पना असते. सरासरी चेहऱ्याला देवीचे वण नसतात, म्हणून यंत्र ते दोष समजून भरून काढते.

याचा अतिरेक २०२१ साली जगाने पाहिला. कंबोडियातील ख्मेर रूज राजवटीत तुओल स्लेंग तुरुंगात मारल्या गेलेल्या कैद्यांची छायाचित्रे रंगविताना काहींच्या चेहऱ्यावर हास्य आणले गेले. कंबोडिया सरकारने व आप्तांनी तीव्र आक्षेप घेतला आणि ज्या संकेतस्थळाने ती प्रसिद्ध केली होती, त्याला ती मागे घ्यावी लागली. आपल्या घरातील चित्रात एवढे अघटित घडणार नाही. पण मृत व्यक्तीला विचारता येत नाही, ही अडचण तीच आहे. यंत्राने डाग शोधावेत. कोणता काढायचा, हे ओळखणाऱ्या माणसाने ठरवावे.

संमती आणि नोंद

म्हणून सर्वांत महत्त्वाची तपासणी शेवटी सांगतो. तयार चित्र छापण्यापूर्वी, त्या सैनिकाला प्रत्यक्ष पाहिलेल्या व्यक्तीला दाखवावे. दुसऱ्या महायुद्धात भारताचे सुमारे पंचवीस लाख सैनिक होते. त्यांच्या मुली-मुलगे आज ऐंशी-नव्वदीत आहेत. वर्ण, डोळ्यांचा रंग, वण, फेट्याची बांधणी यांचे साक्षीदार तेवढेच उरले आहेत. त्यांनी सांगितलेले त्याच दिवशी लिहून ठेवावे.

चित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव, पलटण, मूळ छायाचित्राचे वर्ष, रंगविल्याचे वर्ष आणि ‘रंग अनुमानाने’ की ‘माहितीवरून’, एवढे अवश्य लिहावे. मूळ छायाचित्र आम्लरहित कागदात, कोरड्या जागी जपावे. नवे चित्र आले म्हणून जुने टाकू नये.

आपल्या मंडळातील सभासदांकडे रोज अनेक वृद्ध येतात. रक्तदाब पाहून झाल्यावर ‘आपल्या घरी कोणी सैन्यात होते का, आणि त्यांचा फोटो आहे का’ एवढा एक प्रश्न विचारला, तर धार-देवासच्या सैनिकांचे चेहरे, त्यांच्या खुणांसह, पुढील पिढीपर्यंत पोहोचतील. वाचकांनी हे काम याच पावसाळ्यापूर्वी आपल्या घरापासून सुरू करावे, ही विनंती.