लाँचला माल कमी पडतो, की मुद्दाम पाडला जातो?

टंचाईचा विषय निघाला की बॅचमध्ये हमखास कुणीतरी विचारतं, "सर, मोठ्या कंपन्या मुद्दाम माल कमी सोडतात. मग आपणही तसंच करायचं का?" आज गेमिंग कन्सोलच्या उदाहरणावरून याचं उत्तर बघू.

सोनीचं प्लेस्टेशन ५ अमेरिका-जपानमध्ये नोव्हेंबर २०२० ला आलं. आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१ ला, ४९,९९० रुपयांत. प्री-बुकिंग काही मिनिटांत संपलं आणि मशीन ब्लॅकने विकलं जाऊ लागलं. लोक म्हणाले, "हवा करायला माल दाबून ठेवलाय."

आता गल्ल्यावर बसून हिशोब करा.

१. नफा कशात आहे? ४९९ डॉलरचं मॉडेल आता तोट्यात विकत नाही, हे सोनीने ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितलं. म्हणजे त्याआधी मशीनवर तोटाच होता. खरी कमाई गेम्स आणि सबस्क्रिप्शनची. प्रिंटर स्वस्त, शाई महाग, तसंच. मशीनच मिळालं नाही तर माणूस गेम कशाला घेईल?

२. ब्लॅकचा पैसा कुणाला? मधल्या माणसाला. कंपनीला ठरलेलेच पैसे मिळतात, वर शिव्या फुकट.

३. माल बनत होता का? तेव्हा जगभर चिपचा तुटवडा होता, गाड्यांचे कारखानेही अडले होते. तरी मार्च २०२१ अखेर सोनीने ७८ लाख मशीन बाजारात दिली. टंचाई संपल्याचं जाहीर केलं ते जानेवारी २०२३ मध्ये.

मग मुद्दाम काहीच नव्हतं? होतं ना. तारीख आणि किंमत! नाताळचा सीझन गाठायचा म्हणून पुरेसा साठा व्हायच्या आधीच लाँच केलं, आणि मागणी दिसत असूनही लाँचला भाव चढवला नाही. म्हणजे टंचाई हा हेतू नव्हता, पण ती होणार हे मान्य करून घेतलेला निर्णय होता. आणि भरपूर माल असला तरी पहिल्या दिवशी झुंबड उडतेच. निन्टेन्डोचं स्विच २ जून २०२५ मध्ये आलं, चार दिवसांत ३५ लाखांवर विकलं गेलं, तरी जपानमध्ये खरेदीसाठी लॉटरी लावावी लागली.

आता आपलं दुकान. "शेवटचे दोनच पीस" म्हणून विकलं आणि संध्याकाळी त्याच ग्राहकाने टेम्पोतून खोकी उतरताना बघितली, तर? तो भांडत नाही. तो परत येत नाही. सोनीचा नफा जसा पुढच्या गेममध्ये, तसा तुमचा त्याच्या पुढच्या फेरीत.

माल खरंच कमी असेल तेव्हा एवढं करा:

- किती आलाय आणि पुढचा लॉट कधी, ते खरं सांगा. तारीख पक्की नसेल तर देऊ नका.
- वहीत नंबराने नावं घ्या. एका ग्राहकाला एकच पीस, ओळखीच्यालाही.
- लेबलवरच्या एमआरपीच्या वर एक रुपया घेऊ नका.
- माल दुकानात उतरल्याशिवाय स्टेटस टाकू नका.

आजचा गृहपाठ: गेल्या दिवाळीत कुठला माल संपला आणि किती गिऱ्हाइकं रिकाम्या हाताने गेली, ते लिहून काढा. यंदाची ऑर्डर त्या आकड्यावरून द्या. भेटू पुढच्या व्हिडिओत!