ट्रॅक्टरच्या डिझेल एंजिनाचा इंधन-पंप केव्हा व कसा बदलावा?

मृगाचा पाऊस पडून जमिनीला वापसा आला, की पेरणीसाठी मिळणारे दिवस मोजकेच असतात. अशा वेळी ट्रॅक्टर शेतातच अडून बसला, म्हणजे शेतकऱ्याची किती तारांबळ उडते हे सर्वांना ठाऊक आहे. एंजिन सुरू होत नाही. झालेच तर ओढ धरीत नाही. धूर मात्र भरपूर टाकते. मग जमलेल्यांपैकी कोणीतरी "पंप गेला" असा निर्णय देतो. जुना पंप उतरवून नवा बसविला जातो आणि त्यापायी मोठी रक्कम खर्ची पडते. परंतु पुष्कळदा एवढे करूनही एंजिनाचा दोष जसाच्या तसाच राहतो, कारण तो मुळी पंपात नसतोच.

यास्तव दोन गोष्टी नीट समजून घेणे अगत्याचे आहे. पंप खरोखरच निकामी झाला आहे किंवा नाही हे कसे ओळखावे, ही पहिली. आणि तो बदलणे भागच पडले, तर नवा पंप अचूक वेळेवर कसा जुळवावा, ही दुसरी. प्रस्तुत लेखात शेतावर सर्वत्र आढळणाऱ्या, तीन किंवा चार सिलिंडरांच्या आणि एका रांगेत तितकेच दट्टे असलेला पंप वापरणाऱ्या ट्रॅक्टर-एंजिनाचा विचार केला आहे.

पंपाचे कार्य

डिझेल एंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा जोराने दाबली गेल्यामुळे अतिशय तापते आणि त्या तप्त हवेत डिझेलचा सूक्ष्म फवारा सोडताच ते पेट घेते. रुडॉल्फ डिझेल यांचे एंजिन १८९७ साली यशस्वीपणे चालले, तेव्हा इंधन आत ढकलण्यासाठी दाबलेली हवा वापरावी लागे. त्यासाठी वेगळे अवजड यंत्र लागत असल्याने हे एंजिन वाहनावर बसविणे अवघड होते. १९२७ साली जर्मनीतील रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात इंधन-पंप मोठ्या संख्येने तयार होऊ लागले, आणि मालमोटारी व ट्रॅक्टर यांना डिझेल एंजिन लावण्याचा मार्ग मोकळा झाला. भारतात या कामासाठी बंगळूर येथे १९५१ साली मायको ही कंपनी स्थापन झाली. २००८ पासून तिचे नाव बॉश लिमिटेड असे झाले असले, तरी "मायकोचा पंप" हा शब्द कारागिरांच्या तोंडी अद्याप आहे.

या पंपाचे काम किती नाजूक आहे हे एका हिशेबावरून ध्यानात येईल. तीन सिलिंडरांचे एंजिन मिनिटाला २,००० फेरे करीत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला १,००० वेळा, म्हणजे तिन्ही मिळून तासाला १,८०,००० वेळा इंधन फवारले जाते. तासाला ६ लिटर डिझेल खर्च होत असल्यास एका फवाऱ्याच्या वाट्याला सुमारे ३३ घन मिलिमीटर, म्हणजे पाण्याच्या एका थेंबाहूनही कमी डिझेल येते. एवढे अल्प इंधन दर वेळी सारख्या प्रमाणात मोजून, नोझल उघडेल इतक्या दाबाने आणि नेमक्या क्षणी पोहोचविणे हे पंपाचे कर्तव्य होय. क्रँकचा एक अंश म्हणजे या वेगाला सेकंदाचा बारा-हजारावा भाग. पंप दोन-चार अंशांनी चुकीचा बसला, तर एंजिन का बिघडते हे यावरून समजेल.

पंपातील दट्ट्या आणि त्याची नळी यांत मिलिमीटरच्या केवळ काही सहस्रांशाएवढेच अंतर असते. माणसाचा केसही त्याहून कितीतरी जाड असतो. म्हणूनच डोळ्यांना न दिसणारी धूळ आणि डिझेलमध्ये उतरलेले पाणी हे पंपाचे खरे शत्रू होत.

दोष पंपातच आहे काय?

पंपाला हात लावण्यापूर्वी पुढील तपासणी क्रमाने करावी. हिला खर्च येत नाही.

१. टाकीत पुरेसे डिझेल आहे काय आणि बंद करण्याची कळ पूर्णपणे आत गेली आहे काय, हे प्रथम पाहावे.

२. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र तपासावे. ते चिखलाने बुजले, तर टाकीत पोकळी निर्माण होऊन डिझेल येईनासे होते. एंजिन थोडा वेळ चालून बंद पडते आणि काही वेळाने पुन्हा सुरू होते. झाकण सैल करताच एंजिन नीट चालू लागले, तर दोष काडीने छिद्र मोकळे करण्यापुरताच आहे असे समजावे.

३. गाळ साचण्याची वाटी, पुरवठा-पंपाची जाळी आणि डिझेलच्या गाळण्या पाहाव्यात. ठरावीक तास भरूनही गाळणी बदलली नसेल, तर ती बदलल्याखेरीज पुढे जाऊ नये.

४. नळ्यांचे सांधे व तांब्याच्या चकत्या यांतून हवा शिरते काय ते पाहावे. डिझेलबरोबर बुडबुडे येत असल्यास पंप कितीही चांगला असला तरी दाब धरणार नाही.

५. एअर क्लीनर कोंदला असल्यास काळा धूर येतो आणि शक्ती घटते.

६. इंजेक्टर काढून परीक्षायंत्रावर तपासून घ्यावेत. फवारा धुक्यासारखा न पडता धार लागत असेल किंवा नोझल ठिबकत असेल, तर काळा धूर व ठोके येतात, आणि त्याचा दोष विनाकारण पंपाच्या माथी मारला जातो.

७. झडपांचे अंतर आणि सिलिंडरमधील दाब तपासावा. निळसर धूर बहुधा एंजिनचे तेल जळत असल्याचे सांगतो. पंप बदलून तो थांबत नाही.

या सर्व गोष्टी ठीक असूनही दोष राहिला, तरच पंपाकडे वळावे. एंजिन थंड असता सुरू होते, परंतु तापल्यावर सुरू होण्यास कुरकुरते, हे झिजलेल्या दट्ट्यांचे एक लक्षण आहे. कारण तापलेले डिझेल पातळ होऊन फटीतून निसटते. पंपाला एंजिनच्याच तेलाचे वंगण मिळत असेल आणि त्या तेलाची पातळी आपोआप वाढून त्यास डिझेलचा वास येत असेल, तर पंपाकडे संशयाने पाहावे. रॅकची पट्टी अडकून राहणे किंवा वेग एकसारखा चढ-उतार करणे हेही पंपाचे वा त्याच्या गव्हर्नरचे दोष असू शकतात. तथापि अंतिम निर्णय पंप परीक्षायंत्रावर चढवूनच करावा. अनेकदा दट्टे व झडपा बदलून जुनाच पंप पुन्हा कामास येतो आणि नव्या पंपाची किंमत वाचते.

नवा पंप घेताना

जुन्या पंपावरील पट्टीवर त्याचा प्रकार-क्रमांक कोरलेला असतो. तो अक्षर न् अक्षर उतरवून दुकानात न्यावा. बाहेरून सारखे दिसणारे दोन पंप दट्ट्याच्या जाडीत, फिरण्याच्या दिशेत किंवा गव्हर्नरच्या वेगात भिन्न असू शकतात. अधिक इंधन देणारा पंप बसविल्याने शक्ती वाढते ही समजूत घातक आहे. जादा डिझेल जळण्यास हवा अपुरी पडते, धूर वाढतो, दट्ट्ये व झडपा तापून एंजिनचे आयुष्य घटते. पंप परीक्षायंत्रावर जुळविल्याची चिठ्ठी मागून घ्यावी आणि त्यावरील मोहर कोणाही कारागिराला तोडू देऊ नये.

पंप उतरविणे

काम शेतात किंवा उडत्या धुळीत करू नये. एंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, बॅटरीची तार सोडावी आणि पंपाभोवतीचा भाग डिझेलने व ब्रशाने धुऊन स्वच्छ करावा. डिझेलचा कोक बंद करावा. नंतर पहिल्या सिलिंडरचा दट्ट्या दाबाच्या धावेवर आणून गतिचक्रावरील खूण स्थिर खुणेशी जुळवावी. दोन्ही झडपा बंद आहेत, हे तो दाबाच्याच धावेवर असल्याचे प्रमाण होय. पंपाची पाटी व एंजिन यांवर एकच सरळ रेघ छिन्नीने किंवा रंगाने आखून ठेवावी.

त्यानंतर दाबाच्या नळ्या क्रमाने सोडून त्यांना सिलिंडरचे आकडे बांधावेत. त्या वाकवू नयेत व आपसांत बदलू नयेत. उघडी पडणारी प्रत्येक तोंडे तत्काळ स्वच्छ टोपीने झाकावीत. सुती चिंधी कोंबू नये, कारण तिचे धागे आत जातात. पंप काढल्यावर दातेरी चाकाची चावी खाली पडून एंजिनात जाणार नाही याची विशेष दक्षता घ्यावी.

पंप बसविणे व वेळ जुळविणे

नव्या पंपाची पहिल्या सिलिंडरची खूण जुळवून, चावी खाचेत नीट बसवून पंप जागेवर चढवावा आणि बोल्ट हाताने धरतील इतपतच आवळावेत. पंपाला स्वतःचे तेल लागत असल्यास ते आताच भरावे. कोरडा फिरलेला नवा पंप पहिल्या दिवशीच झिजू लागतो.

केवळ रेघ जुळली म्हणजे वेळ जुळली असे मानू नये. प्रशिक्षित कारागिराने पंपाच्या पहिल्या सिलिंडरवरील झडप व स्प्रिंग काढून तेथे वाकडी नळी लावावी, कळ चालू स्थितीत ठेवावी, हातपंपाने डिझेल द्यावे आणि एंजिन त्याच्या फिरण्याच्याच दिशेने सावकाश फिरवावे. नळीतून वाहणारे डिझेल मंदावून थेंबावर येते, तो फवारणीचा आरंभ होय. त्याच क्षणी एंजिनच्या पुस्तिकेत दिलेला अंश गतिचक्रावर खुणेसमोर आला पाहिजे. धार आधीच थांबली तर फवारणी लवकर होत आहे. मागाहून थांबली तर उशिरा. मग पंप खाचांमध्ये किंचित फिरवून पुन्हा परीक्षा घ्यावी. पंप क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. म्हणून पंपाकडील एक अंशाची चूक क्रँकवर दोन अंशांची होते. खूण ओलांडली गेल्यास एंजिन बरेच मागे नेऊन पुन्हा पुढे आणावे, अन्यथा दात्यांमधील ढिलाई फसविते.

फवारणी फार लवकर झाल्यास कठोर ठोके ऐकू येतात. उशिरा झाल्यास शक्ती घटते, एंजिन तापते आणि धूर वाढतो.

हवा काढणे व एंजिन सुरू करणे

प्रथम गाळणीवरील, नंतर पंपावरील हवेचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप चालवावा. शेवटी इंजेक्टरकडील नट अर्धा फेरा सैल करून एंजिन फिरवावे आणि डिझेल येताच नट आवळावेत. स्टार्टर सलग १५ सेकंदांपेक्षा अधिक वेळ वापरू नये. सुरू करण्यापूर्वी ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करावी, बंद करण्याची कळ मोकळी हलते हे पाहावे आणि एक जाड, सपाट फळी हाताशी ठेवावी. रॅक अडकल्यास एंजिन बेफाम वेग घेते. अशा वेळी कळ ओढूनही ते थांबले नाही, तर हवेच्या तोंडावर फळी दाबून हवा तोडावी. हात किंवा कपडा तेथे नेऊ नये.

जीवावरचा धोका

दाबाच्या नळीतून उडणारी डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. गळती बोटाने कधीही तपासू नये. पुठ्ठ्याचा तुकडा दुरून धरावा. अशी धार लागल्यास बाहेरून टाचणी टोचल्यासारखी खूण दिसते आणि वेदनाही प्रारंभी थोडी असते. परंतु आतील मांस नासून बोट किंवा हात गमावण्याची पाळी येते. घरगुती उपाय करीत न बसता रुग्णास तात्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे आणि दाबाखालील डिझेल आत गेल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

दोन महत्त्वाचे अपवाद

विहिरीवरील एक सिलिंडरच्या कित्येक एंजिनांत पंपाखाली पातळ पत्र्याच्या चकत्या असतात. चकती वाढविल्यास फवारणी उशिरा व कमी केल्यास लवकर होते. म्हणून पंप काढताना निघालेल्या चकत्या मोजून ठेवाव्यात.

दुसरा अपवाद नव्या ट्रॅक्टरांचा. ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले, आणि त्यांपैकी अनेकांत सामाईक नळीतून इंधन पुरविणारी, संगणकाने नियंत्रित होणारी रचना आली. तिच्यातील दाब हजार वातावरणांहूनही पुष्कळ अधिक असतो. अशा एंजिनचे नट चालू स्थितीत सैल करणे म्हणजे मृत्यूला निमंत्रण देणे होय. त्याचे काम अधिकृत कार्यशाळेतच करावे.

पंपाचे आयुष्य शेतकऱ्याच्या हाती

डिझेल साठविण्याचे पिंप सावलीत, किंचित तिरके ठेवावे. ते एक दिवस निवळू द्यावे आणि तळचे डिझेल टाकीत ओतू नये. जस्ताचा मुलामा दिलेली भांडी वापरू नयेत. डिझेलमध्ये रॉकेल मिसळल्यास चार पैसे वाचल्यासारखे वाटते, परंतु पंपाचे वंगण डिझेलच करते आणि रॉकेल तो गुण कमी करते. सायंकाळी काम संपताच टाकी भरून ठेवावी, म्हणजे रात्री रिकाम्या जागेत दव धरून पाणी साचत नाही. गाळणीतील पाणी वरचेवर काढावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी वैशाखातच, पेरणीपूर्वी, गावातील ट्रॅक्टरधारकांना एकत्र बोलावून झाकणाच्या छिद्रापासून इंजेक्टरपर्यंतची सात कलमी तपासणी प्रत्यक्ष करून दाखवावी. ती ज्या शेतकऱ्याच्या अंगवळणी पडेल, त्याच्या कानी "पंप गेला" हे शब्द आले तरी तो घाबरून जाणार नाही. तो आधी टाकीचे झाकण उघडील, गाळणी पाहील आणि मगच पाना हाती घेईल.