हौदात डबा, गुरुवारी नळ

देवगिरीच्या किल्ल्यावर शाळेच्या सहलीला गेलेलं मूल घरी येऊन सगळ्यात जास्त बोलतं ते अंधारीबद्दल, म्हणजे तिथल्या काळोख्या भुयारी वाटेबद्दल. चांद मिनार, मेंढा तोफ, खंदक हे एका दमात सांगून होतं. अंधारीची गोष्ट मात्र जेवण होईपर्यंत चालते. आम्ही गेलो तेव्हा गाइड मशाल घेऊन पुढे होता. एका वळणावर तो थांबला आणि सांगू लागला, की शत्रू इथवर चाचपडत यायचा, समोर उजेडाची तिरीप दिसली की तिकडे धावायचा आणि सरळ खाली खंदकात जायचा. एवढं सांगून त्याने मशाल विझवली. घडलं काहीच नाही. पण मागच्या मुलीने माझी वेणी इतकी घट्ट धरली होती, की बाहेर आल्यावर रिबीन तिच्या मुठीत निघाली.

त्याने आधी मशाल विझवून मग खंदकाचं सांगितलं असतं, तर आम्ही नुसता कल्ला केला असता. मोबाइलवर भागाभागाने कथा लिहिणारी काही मुलं-मुली रविवारी संभाजीनगरच्या सिडकोतल्या आमच्या घरी वह्या घेऊन येतात. त्यांना मी पहिल्यांदा हा क्रम दाखवते. धोका कुठे आहे ते वाचकाला आधी सांगा, मग उजेड काढून घ्या.

नवखा लेखक बहुधा याच्या उलट जातो. पहिल्याच भागात कुणीतरी कुणाच्या तरी मागावर असतं. नाव नाही, गाव नाही, कारण नाही. सगळं झाकलं म्हणजे उत्कंठा तयार झाली, असं त्याला वाटतं. पण ज्याचं काहीच ठाऊक नाही, त्याची काळजी वाचक कशी करणार? हरिभाऊ आपट्यांनी 1890 साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यातून 1893 पर्यंत क्रमशः छापली. इतकी वर्षं वाचक तिच्या नायिकेच्या, यमूच्या सोबत राहिला. त्या काळच्या घरात बाईच्या वाट्याला काय येऊ शकतं, हे त्याला पुरतं माहीत होतं. म्हणून मुंबईतल्या तिच्या सुखाच्या दिवसांतही त्याचा जीव वरखाली होत असणार. भागाभागाने लिहिणाऱ्या प्रत्येकाने ती कादंबरी याच नजरेने पुन्हा वाचावी.

आता कामाला लागू. वहीचं पान आडवं धरा आणि तीन रकाने पाडा: वाचक, मुख्य पात्र, विरोधातलं पात्र. प्रत्येक भागासाठी एक ओळ. तो भाग संपताना या तिघांपैकी कुणाला काय ठाऊक आहे, एवढंच लिहायचं. कथानक लिहू नका, फक्त ठाऊक असणं लिहा. ज्या ओळीत तिन्ही रकान्यांत सारखंच आलं, तो भाग सपाट आहे. तो शेजारच्या भागात मिसळा किंवा काढून टाका.

माझ्याच एका मालिकेतलं उदाहरण देते. वडिलांच्या जमिनीचं मूळ खरेदीखत थोरला भाऊ पत्र्याच्या डब्यात घालतो आणि घराच्या रिकाम्या हौदात, कोपऱ्यातल्या विटेआड ठेवतो. घराची झडती झाली तरी रिकाम्या हौदात कोण उतरणार, हा त्याचा हिशेब. बुधवारी परत येऊन काढू म्हणून तो जालन्याला जातो. धाकटी बहीण कागदासाठी कपाटं उपसते आहे. आईला यातलं काही माहीत नाही. आणि गुरुवारी पहाटे नळ येणार आहे.

या शहरात ‘नळ येणार’ या दोन शब्दांत केवढा जीव अडकलेला असतो, ते बाहेरच्याला सांगावं लागेल. जायकवाडीसारखं धरण उशाला असूनही इथल्या अनेक वसाहतींनी वर्षानुवर्षं चार-चार, आठ-आठ दिवसांच्या खंडाने पाण्याची वाट पाहिली आहे. पाण्याच्या दिवशी माणसं गावाला जात नाहीत, लग्नाची बोलणी पुढे ढकलतात. म्हणून ते माझ्या कथेचं घड्याळ झालं. प्रत्येक मालिकेला असं एक घड्याळ हवं, आणि ते तुमच्या वस्तीतलं हवं. वाळूजच्या कारखान्यातली तिसरी पाळी, कोर्टाची तारीख, शेवटची शेअर रिक्षा, काहीही चालेल. ते दर भागात ऐकू आलं पाहिजे, पण दरवेळी वेगळ्या वस्तूतून. एका भागात पालथा घातलेला ड्रम, दुसऱ्यात शेजाऱ्यांनी मोटरला लावलेला नवा पाइप, तिसऱ्यात लाइनमनला केलेला फोन. ‘आता फक्त दोन दिवस उरले होते’ असं लिहिण्याची गरज पडू देऊ नका.

यानंतर येतं ते सगळ्यात अवघड काम, भाग कुठे तोडायचा. इथे मी पुन्हा देवगिरीवर जाते. 1296 साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला, त्याची इतिहासकार फेरिश्त्याने सांगितलेली हकिकत घ्या. रामदेवराय बेसावध, त्याचा मुलगा शंकरदेव सैन्य घेऊन बाहेर. राजा घाईने किल्ल्यात शिरतो. व्यापाऱ्यांच्या तांड्याची पोती हाताशी लागतात, धान्य समजून तीही आत ओढली जातात. मागून सुलतानाची मोठी फौज येते आहे अशी आवई अल्लाउद्दीनने उठवलेली असते. राजा खंडणी कबूल करतो आणि वेढा उठायच्या बेतात असतो. तेवढ्यात शंकरदेव परततो आणि बापाचा निरोप न मानता लढाई जुंपतो. त्याची सरशी होते आहे असं वाटत असताना किल्ल्यापाशी ठेवलेली शत्रूची तुकडी धावून येते. तिची धूळ पाहून यादवांच्या सैन्याला वाटतं, सुलतानाची फौज आलीच, आणि ते फुटतं. किल्ल्यात राजा अजून धान्याच्या भरवशावर आहे. पोती फोडतात, तर आत मीठ.

हे पाच भागांत लिहायचं तर चौथा कुठे थांबवाल? दहातले आठ जण ‘त्याने पोत्यात हात घातला आणि...’ इथे थांबतात. मला हे पटत नाही. ती वाचकाची अडवणूक झाली. आठवडाभराने मिळणारं उत्तर एका शब्दाचं असतं आणि ते मिळताच ताण संपतो. मीठ त्याच भागात दाखवा आणि राजाच्या ओंजळीत ते असतानाच थांबा. आता वाचकाच्या मनात नवा प्रश्न उभा राहतो, हजारो माणसं आत आहेत, किती दिवस काढणार? भागाच्या शेवटी एका प्रश्नाचं उत्तर मिळालं पाहिजे आणि त्या उत्तराच्या पोटातून त्याहून मोठा प्रश्न निघाला पाहिजे. दार वाजलं म्हणून भाग तोडला आणि पुढच्या भागात दारात दूधवाला निघाला, असं एकदाही करू नका. वाचक हसत नाही, तो विश्वास काढून घेतो.

मी लिहीन तेव्हा याच्याही पुढे जाईन. दुसऱ्याच भागात एक हमाल पोतं पाठीवरून उतरवताना ओठावरचा घाम चाटेल आणि त्याला खारटपणा जरा जास्त लागेल. तो काही बोलणार नाही, कारण राजासमोर बोलायची त्याची ऐपत नाही. तिथून पुढे राजा पोती मोजेल, राणीला धीर देईल, मुलाला निरोप धाडेल. दर वाक्याला वाचकाच्या पोटात गोळा येईल. मिठाचा धक्का गेला खरा, पण त्याच्या बदल्यात सगळे भाग ताणलेले मिळाले. हा सौदा मी दरवेळी करते.

वेगाबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे. तोकडी वाक्यं म्हणजे वेग, असं मुलं समजतात. एका पहिल्या खर्ड्यात नळ येण्याचा प्रसंग असाच लिहिलेला होता: नळाचा आवाज आला, आई धावली, तिने कॉक फिरवला, पाणी पडलं, डबा भिजला. पाच वाक्यं आणि सगळं संपलं. तो खर्डा माझाच होता. नंतर मी तो असा लिहिला:

‘पहाटे पावणेचारला पाइप खाकरला. आधी नुसतीच हवा. आईने पदर खोचला. दिवा लावला नाही. कॉक तिला अंधारातही सापडतो. मागच्या खेपेचं शेवाळ बोटांना लागलं, ते तिने पायरीला पुसलं. शेजारची मोटर घुरघुरली. आईने कॉक धरला. तो जाम होता. ती उठली आणि फडकं आणायला आत गेली.’

फडक्यासाठी ती आत जाते तेवढ्या वेळात वाचकाला वाटतं, आता धाकटी उठेल, आता थोरला येईल. धोका जवळ आला की हात, वस्तू आणि आवाज लिहा, भावना लिहू नका. उलट जालना ते संभाजीनगर हा प्रवास एका ओळीत संपवा, वाटेत काही घडत नसेल तर बस कितीला सुटली तेही सांगू नका. टॉमस हार्डीची ‘अ पेअर ऑफ ब्लू आइज’ 1872-73 मध्ये ‘टिन्सलीज मॅगझिन’मधून क्रमशः आली. तिच्यातला नाइट नावाचा माणूस समुद्रावरच्या कड्याला लटकलेला असतो आणि त्या क्षणी हार्डी त्याच्या डोळ्यांसमोर खडकातलं जीवाश्म आणतो, लाखो वर्षांपूर्वी मेलेल्या जिवाचे दगडी डोळे. हात सुटायला आलेले असताना लेखक थांबून दगड बघतो. भीती वाढते ती या थांबण्याने.

सलग ताण मात्र कुणालाच सोसत नाही. नारदीय कीर्तनात पूर्वरंग झाला की नामाचा गजर होतो, बुवांना हार घालतात, बुक्का लावतात, श्रोते पाय सोडून बसतात आणि मग उत्तररंगातलं आख्यान लागतं. किल्ल्याची बांधणीही अशीच आहे. दरवाजे एका रेषेत नाहीत, हत्तीला धावायला सरळ वाट मिळू नये म्हणून वळणं दिली आहेत. ती संपली की भारतमातेच्या मंदिरासमोरचं ऐसपैस अंगण लागतं. तिथे आम्ही डबे उघडले होते. अंधारी त्यानंतर येते. साधारण चार भागांनंतर एक असा अंगणाचा भाग ठेवा: हुरडा, साखरपुडा, आईची जुनी आठवण. मात्र त्या अंगणातही कोपऱ्यात रिकामा ड्रम दिसू द्या.

हे मला उशिरा कळलं. त्या मालिकेच्या मध्यावर मला आईचं माहेर सापडलं आणि मी पाच भाग तिच्या लहानपणात रमले. लिहिताना फार आनंद झाला. एके दिवशी कोपऱ्यावरच्या गिरणीत दळणाच्या रांगेत एका बाईंनी विचारलं, “ताई, त्या डब्याचं काय झालं हो?” पाच भागांत मी डब्याचं नावही काढलं नव्हतं. मालिकेत पाणी घालणं ते हेच, आणि ते आळसाने होतं असं नाही, प्रेमानेही होतं. मी घरी येऊन एकेक भाग बाजूला काढून पुढचा वाचून पाहिला. चार भाग नसले तरी काही अडत नव्हतं. ते गेले, पाचव्यात डबा आला. तेव्हापासून प्रत्येक भाग प्रसिद्ध करण्याआधी मी तो असा काढून पाहते.

बाकीची पथ्यं साधी आहेत. हजार-बाराशे शब्दांचा भाग मोबाइलवर एका बैठकीत वाचून होतो. पहिला भाग वाचकांपुढे ठेवण्याआधी पाच तयार असू द्या, म्हणजे घरात आजारपण निघालं तरी ठरलेला वार चुकत नाही. एकदा गुरुवार ठरला की गुरुवारच. ‘मागील भागात आपण पाहिलं’ म्हणून परिच्छेदभर उजळणी नको. पहिल्याच वाक्यात पात्राच्या हाती ती वस्तू द्या, वाचकाला आपोआप आठवतं. शेवटच्या तीन भागांत नवं पात्र आणू नका. मुख्य प्रश्नाचं उत्तर उपान्त्य भागात द्या आणि त्या उत्तराची किंमत कुणी मोजली ते शेवटच्यात.

आणि हा शेवटचा प्रसंग पहिल्या भागाच्या आधी लिहून ठेवा. भिंतीला चिकटवा, कपाटाच्या दाराला आतून लावा, पण रोज दिसू द्या. माझ्या मालिकेचा शेवट मी पहिल्याच रात्री लिहिला होता. हौद पुन्हा रिकामा झाला आहे. धाकटी झाडू घेऊन शिडीने आत उतरते, गाळ लोटत कोपऱ्यापर्यंत जाते, वीट बाजूला करते. तिथे डबा नाही, सिमेंटवर गंजाचा तांबूस चौकोन आहे. वर आई विचारते, “झालं का गं झाडून?” डबा कुणी काढला हे वाचकाला तेव्हा ठाऊक असतं. धाकटी चौकोनावरून हात फिरवते आणि वर बघते.