तीस मेला निवृत्त झालेला माणूस

सरकारी नोकर तीस मेला निवृत्त होत नाही. ज्या महिन्यात वय पुरे होते त्या महिन्याचा शेवटचा दिवस हा निवृत्तीचा दिवस आणि जन्म एक तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याचा शेवटचा दिवस, असा नियम आहे. कोयना प्रकल्पाच्या अलोऱ्याच्या वसाहतीत तो पोरासोरांनाही पाठ होता. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट एक जून ही जन्मतारीख बहाल केलेली एक अख्खी पिढी कोयनेच्या कामावर लागली आणि ३१ मे आला की हार-नारळ घेऊन ओळीने घरी गेली. मीही त्यातलाच. त्याआधी आस्थापना शाखेत बसून इतरांची पेन्शन प्रकरणे तयार करायची आणि मुंबईला महालेखापालांकडे पाठवायची, यात माझी नोकरी सरली.

नोव्हेंबरात फोन आला. "कोषागारातून बोलतोय काका. तुमचा हयातीचा दाखला ऑनलाइन दिसत नाही, डिसेंबरची पेन्शन अडकेल." पुढे त्याने माझे पूर्ण नाव, पीपीओ म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा क्रमांक, बँकेची शाखा, खात्याचे शेवटचे आकडे आणि मिळालेल्या उपदानाची रक्कम सांगितली. वारस म्हणून बायकोचे नावही घेतले. मी हो हो म्हणत गेलो, कारण सगळे बरोबरच होते. मग तो म्हणाला, "तीस मेला रिटायर झालात ना?"

कोषागारातला शिपाईसुद्धा तीस मे म्हणणार नाही. मी विचारले, "तुमचे नाव आणि टेबल सांगा, मीच येतो उद्या रत्नागिरीला." फोन बंद.

संध्याकाळी कपाटातले सगळे कागद काढले. पीपीओवर ३१, सेवापुस्तकाच्या प्रतीवर ३१, बँकेकडच्या अर्जावर ३१. तीस मे एकाच कागदावर सापडला. आमच्या पेन्शनर मंडळींनी हयातीच्या दाखल्याची सोय व्हावी म्हणून एक यादी केली होती. कॉम्प्युटरच्या दुकानात टाइप करून घेतली आणि 'आपापली ओळ तपासा' म्हणून व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकली. टाइप करणाऱ्या मुलाकडून एकतीसचे तीस झाले होते. त्या यादीत काय नव्हते? नाव, पीपीओ, खाते, आधार, पॅन, मोबाइल, मिळालेले उपदान, वारस. ग्रुपमध्ये पेन्शनर थोडे. त्यांची मुले, जावई, विम्याचे एजंट आणि कोण कोणाच्या ओळखीने आलेला, असेच जास्त.

यादी करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. वसाहत अशीच आहे. कोळकेवाडी धरणाच्या आणि ३२० मेगावॅटच्या तिसऱ्या टप्प्याच्या कामासाठी ती वसली तेव्हापासून कोणाची वेतनवाढ कधी आणि कोणाच्या पगारातून सोसायटीचा हप्ता किती कापतात, हे नळावरही कळत असे. त्यात भर २२ जुलै २०२१ च्या पुराची. निवृत्तीनंतर चिपळुणात घरे बांधलेल्या कित्येकांचे कागद वाशिष्ठीच्या चिखलात गेले. तेव्हापासून जो तो सगळ्या कागदांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवतो, आणि मोबाइलमधला कागद पुढे जायला वेळ लागत नाही.

आमच्या मागच्या गल्लीतल्या एका वहिनींना तोच फोन आला. त्यांना कुटुंबनिवृत्तिवेतन मिळते. मालक वर्कचार्जवर, म्हणजे कामापुरते, लागलेले, पुढे कालेलकर करारातून नियमित आस्थापनेवर आलेले. फोनवरच्या माणसाने मालकांच्या मृत्यूची तारीख सांगितली आणि वहिनींचा धीर सुटला. "एवढं घरातलं ठाऊक, म्हणजे हापिसातलाच असणार ना ओ भाऊ?" त्याने 'जीवन प्रमाण' अशा नावाची फाइल पाठवली, ती उघडायला लावली, आणि पुढचे सारे मोबाइल आपसूक करत गेला. त्यांच्या मुलाने त्याच रात्री सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार केली म्हणून काही रक्कम मधल्या खात्यात गोठवता आली. बाकीची गेली ती गेली.

वहिनींचे ते वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. आपली माहिती ज्याला ठाऊक तो आपल्या खात्याचा, हे आपण नोकरीभर शिकलो, कारण तेव्हा ती माहिती एकाच कपाटात असायची आणि किल्ली हेडक्लार्ककडे. आता पीपीओ क्रमांक सांगणाऱ्याने एवढेच सिद्ध केलेले असते की त्याच्या हातात कुठली तरी यादी आहे. राज्यातल्या कोषागारांनीही जाहीर आवाहने करून सांगितले आहे की आम्ही फोन करून ओटीपी मागत नाही की पैसे भरायला लावत नाही. ज्या कार्यालयाकडे तुमचा पीपीओ आहे ते तो तुम्हाला कशाला विचारेल?

हे केवळ गावच्या यादीचे दुखणे नाही. २०१७ च्या एप्रिलमध्ये झारखंड सरकारच्या सामाजिक सुरक्षा विभागाच्या संकेतस्थळावर दहा लाखांहून अधिक वृद्ध पेन्शनधारकांचे आधार क्रमांक उघडे पडलेले आढळले, बँक खात्यांसकट. कोणी कुलूप फोडले नव्हते. यादी चढवणाऱ्यांनीच ती तशी ठेवली होती. २०२२ च्या ऑगस्टमध्ये युक्रेनच्या बॉब डियाचेंको या सुरक्षा संशोधकाला इंटरनेटवर बिनपासवर्डचा साठा सापडला. त्यात भविष्य निर्वाह निधीच्या सभासदांच्या २८ कोटींहून अधिक नोंदी होत्या, यूएएन या सभासद क्रमांकासह आणि वारसाच्या तपशिलासह.

मी सेवापुस्तके हाताळलेला माणूस. पहिले पान डोळ्यांसमोर आणा: जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जात, उंची, 'उजव्या भुवईवर व्रण' अशी ओळखचिन्हे, डाव्या हाताच्या बोटांचे शाईचे ठसे. आत गेलात की वैद्यकीय रजा कशासाठी घेतली, निलंबन झाले होते का, आधी वारस म्हणून आईचे नाव होते ते कधी खोडले, हे सगळे. एका घराच्या तीस वर्षांचा हा पंचनामा. आमचे एक जुने साहेब पेन्शनची फाइल टेबलावर उघडी दिसली की काही न बोलता ती मिटून ठेवत. पुढे परिपत्रके पुष्कळ आली, पण एवढे साधे वळण नव्या ऑपरेटरांना कोणी लावल्याचे मला दिसले नाही.

आता करायचे काय? हयातीचा दाखला बँकेत जाऊनच द्या. कोषागार दर नोव्हेंबरला बँकेकडे यादी पाठवते, तिथे आपल्या नावासमोर सही करायची. चालवत नसेल तर 'जीवन प्रमाण' हा ऑनलाइन दाखला आहे, पण ते आपल्या घरच्या माणसाच्या किंवा बँकेच्या मदतीने. फोनवरून आलेल्या लिंकने कधीच नाही. आणि सही राहिली तर पेन्शन थांबते, बुडत नाही. दाखला दिल्यावर मागच्या बाकीसह मिळते. हे एकदा मनात पक्के बसले की 'आजच्या आज करा' म्हणणाऱ्याचा अर्धा जोर जातो.

झेरॉक्स देताना तिच्यावर आडवे लिहा: कशासाठी, कोणाला, तारीख. शक्य तिथे आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत द्या, ती आधारच्या संकेतस्थळावरच मिळते. संघटनेला यादी हवी असेल तर नाव आणि मोबाइल पुरे. खाते आणि आधार मागणाऱ्याला विचारा, त्याचे तुम्ही करणार काय? आमच्या बैठकीत मी हे विचारले तेव्हा "सगळीकडे घेतात म्हणून" असे उत्तर आले. त्यानंतर रकाने कमी झाले. ग्रुपवरची यादीही काढली, अर्थात ज्याने उतरवून घेतली त्याच्याकडे ती राहणारच.

पैसे गेलेच तर बँकेला आणि १९३० ला लगेच कळवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा व्यवहाराची खबर तीन कामाच्या दिवसांत दिली तर ग्राहकावर भार येत नाही. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर खबर देईपर्यंतचे नुकसान तुमचे. लाजेपोटी चार दिवस गप्प बसणारे म्हातारे मी पाहिलेत.

कोणी माहिती अधिकारात तुमची पेन्शन विचारली तर? पदाची वेतनश्रेणी आणि मासिक वेतन ही कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायची बाब आहे, त्यावर रुसू नये. बाकीच्यासाठी आपल्याकडचाच निकाल आहे. अकोल्याच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याचे मेमो, मालमत्ता आणि आयकर विवरणपत्रे मागणारा अर्ज सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ३ ऑक्टोबर २०१२ ला न्यायालयाने ती वैयक्तिक माहिती ठरवली. व्यापक जनहित दाखवल्याशिवाय ती मिळणार नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातले तेच कलम आणखी आवळले. मला ते जरा जास्तच आवळलेले वाटते, कारण त्याच आडोशाला गैरकारभारही बसतो.

आणि त्या आडोशाचा फटका भलत्यालाच बसताना मी पाहिले आहे. एका बाईला नवऱ्याच्या सेवापुस्तकाची प्रत हवी होती, कारण वारस नोंदीत तिचे माहेरचे नाव राहून गेले होते. एका कार्यालयात तिला सांगितले, "गोपनीय आहे." कोणापासून गोपनीय? ज्याची नोंद त्याच्यापासून आणि त्याच्या कायदेशीर वारसापासून ती लपवायची नसते. नोकरीत असताना दरवर्षी सेवापुस्तक पाहून सही करायची असते, तीही याचसाठी. अशा वेळी तोंडी विनवण्या करत बसू नका. साधा अर्ज लिहा: मृताचे नाव, पद, शेवटचे कार्यालय, आपले नाते, कोणते पान हवे आणि कशासाठी. विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचे राजपत्र असेल ते जोडा, आवक शिक्का मारलेली दुसरी प्रत परत घ्या आणि तिच्यावरचा आवक क्रमांक वहीत टिपून ठेवा. त्या बाईला असाच अर्ज मी माझ्या हाताने लिहून दिला, आणि 'गोपनीय' म्हणणाऱ्या टेबलावरच त्याची पोच मिळाली.