केस, केशप्रत्यारोपण आणि आपली कसोटी

सही बुखारी व सही मुस्लिम या दोन्ही ग्रंथांत हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी कथन केलेली एक प्रसिद्ध हदीस आहे. बनी इस्राईलमध्ये तीन माणसे होती. एकाच्या अंगावर कोड होते, दुसऱ्याच्या डोक्यावर केस नव्हते आणि तिसरा अंध होता. त्यांची परीक्षा घेण्यासाठी अल्लाहने एक फरिश्ता पाठविला. दुसऱ्या माणसाने फरिश्त्याकडे सुंदर केस मागितले. आपल्या टकलामुळे लोक आपली किळस करतात, हे दुःखही त्याने बोलून दाखविले. फरिश्त्याने त्याच्या डोक्यावरून हात फिरविला, त्याला केस लाभले आणि वर एक गाभण गायही मिळाली. पुढे तिची वंशवेल इतकी वाढली की रान गाईंनी भरून गेले. मग तोच फरिश्ता टक्कल पडलेल्या एका गरीब वाटसरूच्या रूपात त्याच्यापुढे आला व मदत मागू लागला. त्याने वाटसरूला ओळख दिली नाही आणि ही संपत्ती वाडवडिलांची आहे असे सांगून परत पाठविले.

या हदीसमध्ये आपल्या विषयाचे दोन धडे आहेत. केस हवेसे वाटणे हा गुन्हा नाही. त्या इच्छेबद्दल त्या माणसाला दोष दिला गेलेला नाही. तो नापास झाला तो केस मिळाल्यानंतर, कारण आपल्याच जुन्या दुःखाला त्याने दुसऱ्याच्या चेहऱ्यावर ओळखले नाही.

दुःखाची थट्टा नको

जळकोटमध्ये जुम्याच्या नमाजनंतर तरुण हलक्या आवाजात विचारतात, "मौलाना, हेअर ट्रान्सप्लांट जायज आहे का?" आपले गाव सोलापूर–हैदराबाद महामार्गावर आहे, दोन्ही शहरांतील दवाखान्यांच्या जाहिराती मोबाइलवर रोज दिसतात. प्रश्नामागे बहुधा जुळता जुळता मोडलेली सोयरीक असते, किंवा मित्रांनी ठेवलेले एखादे नाव असते.

या दुःखाचे मोठे रूप महाराष्ट्राने नुकतेच पाहिले. डिसेंबर २०२४ व जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा या व आसपासच्या गावांत लहानथोरांचे केस अचानक हातात येऊ लागले व काही दिवसांतच टक्कल पडले. मुले-मुली शाळा-महाविद्यालयांत जाईनाशी झाली, ठरलेली लग्ने अडचणीत आल्याच्या वार्ता आल्या. आधी पाण्यावर संशय गेला. पुढे महाडचे ज्येष्ठ वैद्य पद्मश्री डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी तपासण्या करून रेशनच्या गव्हातील सेलेनियम या घटकाच्या अतिरिक्त प्रमाणाकडे बोट दाखविले. पुढे अनेकांचे केस पुन्हा उगवू लागले. केस मात्र जाताच ती माणसे लोकांच्या नजरेत परकी झाली होती.

आधी कारण शोधावे

दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविक आहे. टायफॉइड, डेंग्यू यांसारखा मोठा ताप, बाळंतपण किंवा तीव्र मानसिक आघात यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस भराभर गळतात आणि बहुधा काही महिन्यांत आपोआप परत येतात. रक्तातील लोह कमी असणे व थायरॉइडचा विकार हीही कारणे असतात. त्यांवर औषधोपचार आहे. पुरुषांमध्ये कपाळाकडून व टाळूवरून केस विरळ होत जातात, ते मुख्यतः आनुवंशिकता व हार्मोन यांमुळे. प्रत्यारोपणाचा प्रश्न येतो तो साधारणतः येथे. म्हणून पहिली पायरी त्वचारोगतज्ज्ञाची, जाहिरातीची नव्हे. इलाज करणे सुन्नत आहे, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी उपचार घेण्याची शिकवण दिली आहे.

शरीअतचा निर्णय

एका अन्सारी मुलीचे केस आजाराने गळाले होते. तिला दुसरे केस जोडावेत काय, असे विचारले असता प्रेषितांनी (स.) मनाई केली. म्हणून दुसऱ्या माणसाचे केस डोक्यावर जोडणे निषिद्ध आहे.

प्रत्यारोपणात मात्र स्वतःच्याच डोक्याच्या मागील भागातील केसांची मुळे काढून पुढे रोवली जातात. ती तेथे रुजतात, वाढतात, कापताही येतात. युद्धात नाक गमावलेल्या हजरत अरफजा (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) सोन्याचे नाक बसविण्याची परवानगी दिली होती. गेलेले परत आणणे व अल्लाहची निर्मिती बदलणे यांत फरक आहे, हे त्यावरून उलेमा स्पष्ट करतात. शेख मुहम्मद बिन सालेह अल-उसैमीन यांनी आरंभी दिलेल्या हदीसच्याच आधारे केशप्रत्यारोपण जायज ठरविले. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने फेब्रुवारी १९८८ मध्ये जेद्दा येथील अधिवेशनात एकाच व्यक्तीच्या शरीराचा भाग तिच्याच शरीरात दुसरीकडे बसविण्यास मान्यता दिली. त्यासाठी अट अशी की लाभ हानीहून अधिक असावा. एखाद्याचे मन तरीही साशंक असेल, तर त्याने आपल्या मुफ्तींना विचारावे.

हानी कोणती?

मार्च २०१९ मध्ये मुंबईत ४३ वर्षांच्या एका व्यावसायिकाने एकाच बैठकीत नऊ हजारांहून अधिक केसांचे रोपण करून घेतले आणि अवघ्या दोन दिवसांत त्यांचे निधन झाले. अशा घटना विरळ असल्या तरी ही शस्त्रक्रियाच आहे, सलूनमधील काम नव्हे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले की कार्यशाळा वा व्हिडिओ पाहून हे कौशल्य येत नाही. त्यासाठी रीतसर शल्यप्रशिक्षण हवे. म्हणून शस्त्रक्रिया प्रत्यक्ष कोण करणार, त्याची पदवी कोणती आणि तातडीची सोय आहे काय, हे विचारून घ्यावे. विशीच्या आरंभी घाई करू नये, कारण गळती पुढे चालूच राहते. रोवलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळतात व मग नव्याने येतात. पूर्ण परिणाम दिसण्यास सुमारे वर्ष लागते.

दुसरी हानी कर्जाची. व्याजाच्या हप्त्यांवर अथवा आईचे दागिने मोडून केस विकत घेणे म्हणजे जायज गोष्टीकडे नाजायज वाटेने जाणे होय.

तिसरी बाब इबादतीची. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस डोके भिजविण्यास व वाकण्यास डॉक्टर मनाई करतात. या काळात मसह करणेही हानिकारक असेल तर ते माफ आहे. गुस्लमध्ये बाकी शरीर धुवावे. सजदा इशाऱ्याने करावा. नमाज मात्र सोडू नये. हज वा उमऱ्याच्या तोंडावर शस्त्रक्रिया ठरवू नये. केस रुजल्यावर वुजू-गुस्ल नेहमीप्रमाणे होतात. न निघणाऱ्या विगचे तसे नाही. त्याखाली पाणी पोहोचत नसल्याने गुस्ल अपुरे राहते.

घराची जबाबदारी

सूरह हुजुरातमध्ये एकमेकांना वाईट नावांनी हाक मारण्यास मनाई आहे. 'टकल्या' ही हाक त्यातच येते, मग ती भाऊ मारो की मित्र. मुलीसाठी स्थळ पाहताना दीन व चारित्र्य पाहावे, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. सही मुस्लिममध्ये हजरत उमर (रजि.) काळ्या दगडाचे चुंबन घेत असल्याचे वर्णन आहे, ते पाहणाऱ्या सहाबींनी त्यांचा उल्लेख टक्कल असलेले उमर असाच केला आहे. त्या डोक्याने खिलाफतीचा भार वाहिला. हजमध्ये श्रीमंत-गरीब दोघेही मुंडण करतात आणि मुंडण करणाऱ्यांसाठी प्रेषितांनी (स.) तीनदा दुआ केली.

म्हणून ज्याला प्रत्यारोपण करायचे असेल, त्याने हलाल कमाईतून, योग्य डॉक्टरांकडून, शांतपणे करावे. ज्याला नको असेल, त्याने मान ताठ ठेवून जगावे. दोघांचीही परीक्षा पुढेच आहे. कोणी टक्कल पडलेला, काळवंडलेला, अपंग वा गरीब माणूस दारात आला तर आपण त्याला ओळखतो काय, ही ती परीक्षा. त्या तिघांपैकी अंध माणसाने वाटसरूला हवे ते घेऊन जाण्यास सांगितले, आणि अल्लाह त्याच्यावर प्रसन्न झाला.

अल्लाह आपणा सर्वांना मिळालेल्या देणगीची जाण व न मिळालेल्यावर सब्र देवो. आमीन.