पहिला सॅक्सोफोन घेताना

चि. मधुरा हिस,


तू पाठवलेले सगळे फोटो पाहिले. झाडून सगळे सॅक्सोफोन सोन्यासारखे लखलखतायत, त्यामुळे नुसत्या फोटोंवरून मला काही सांगता येणार नाही. ती चकाकी पितळेवर चढवलेल्या लॅकरची असते. जुन्या वाद्याचं लॅकर पार उडालेलं असलं तरी सुराचं काही बिघडत नाही.

'कोणती कंपनी घेऊ?' असं तू विचारलंयस. त्याआधी एक शोध घे. चिपळूणहून जाऊन-येऊन एका दिवसात जमेल अशा अंतरावर सॅक्स दुरुस्त करणारा कोण आहे? कोल्हापूर, पुणे, मुंबई, गोवा, कुठेही असो. लग्नाच्या बँडवाल्यांना विचार, त्यांना ही माणसं नावानिशी ठाऊक असतात. असा कारागीर सापडला की त्याला विचार, 'तुम्ही कोणत्या वाद्याला हात लावता?' तो जी दोन-तीन नावं घेईल, त्यातलंच एक घ्यायचं.

का, ते सांगतो. सॅक्सच्या अंगावर वीसहून जास्त भोकं असतात आणि प्रत्येकावर कातड्यानं मढवलेलं पॅड बसतं. त्यातलं एक जरी नीट टेकलं नाही तरी हवा गळते आणि त्याखालचे सूर फुटतात किंवा लागतच नाहीत. शिकणाऱ्याला वाटतं आपलाच दम कमी पडतोय. ऑनलाइन वीस-पंचवीस हजारांत मिळणाऱ्या बिननावाच्या सॅक्सची हीच रड असते. पहिले काही आठवडे बरा वाजतो, मग मऊ धातूच्या की, म्हणजे बोटांनी दाबायच्या कळा, वाकू लागतात आणि कारागीर लांबूनच हात जोडतो. त्यात आपला कोकणातला पाऊस! जूनपासून कातडी पॅडं दमट होतात, सुईसारख्या बारीक स्प्रिंगांना गंज धरतो. जी-शार्पचं पॅड तर हमखास चिकटतं, कारण ती की एरवी मिटलेलीच असते. वाजवताना बोटानं कळ दाबली जाते, पण पॅड उचललंच जात नाही. अशा वेळी ओढाताण करायची नाही. सिगारेटचा पातळ कागद पॅडखाली सरकवायचा, की हलकेच मिटायची, ओल टिपू द्यायची. (कागद मागायला पानाच्या टपरीवर बाबांना पाठव, तू जाऊ नकोस.)

आता सॅक्समधला आल्टो घ्यायचा की मोठा टेनर? तुझं मन टेनरवर बसलंय हे कळलं. तरी आल्टोच घे. आल्टो अडीच किलोच्या आसपास भरतो, टेनर त्याहून बराच जड, आणि ते सगळं वजन मानेतल्या पट्ट्यावर येतं. तेराव्या वर्षी तासभर टेनर गळ्यात घालून बघ, दुसऱ्या दिवशी मान वळणार नाही. बोटांची ठेवण दोन्हींवर सारखीच असल्यामुळे आल्टोवर शिकलेलं पुढे टेनरवर वाया जात नाही. सोप्रानो सनईसारखा सरळ आणि छोटा दिसतो म्हणून त्याच्या मोहात पडू नकोस, त्यावर सूर जागेवर ठेवणं भल्याभल्यांना जड जातं. आणि आल्टोला कमी समजू नकोस. मंगळूरकडच्या कद्री गोपालनाथांचं घराणं नागस्वरमचं, पण त्यांनी म्हैसूरच्या राजवाड्यातल्या बँडचा सॅक्स ऐकला आणि पुढे आल्टोवरच अख्खं कर्नाटक संगीत वाजवलं. १९९४ साली लंडनच्या प्रॉम्स संगीत महोत्सवातही ते वाजवून आले.

तू पेटी वाजवतेस, म्हणून एक गोष्ट आत्ताच ध्यानात ठेव. आल्टोवर 'सी'ची बोटं धरून फुंकलंस की पेटीवर ती काळी दोन निघते, टेनरवर तीच बोटं काळी पाच देतात. पहिल्या दिवशी पेटीशी सूर जुळला नाही म्हणून वाद्य बिघडलंय असं समजून रडत बसू नकोस.

नवा घ्यायचा तर यामाहाचं शिकाऊ मॉडेल, वायएएस-२८०. किंमत लाखाच्या घरात जाते, हे बाबांना जेवण झाल्यावर सांग. तेवढे जमत नसतील तर त्याच कंपनीचा जुना वायएएस-२३ चांगल्या अवस्थेत मिळाला तर डोळे झाकून नव्हे, पण आनंदानं घे. नव्या बिननावाच्यापेक्षा तो कधीही सरस. तुझा दादा म्हणतो, थोर जॅझवादक चार्ली पार्कर प्लास्टिकच्या सॅक्सवर वाजवायचा. खरंय, १९५३ साली टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये त्याच्या हातात प्लास्टिकचा ग्राफ्टन होता. पण तो पार्कर होता. दादाला सांग, त्याला आधी क्रिकेटची बॅट धड धरता येऊ दे.

जुना बघायला जाशील तेव्हा वाजवणारा कुणीतरी सोबत ने. त्याला सर्वात खालचा बी-फ्लॅट अगदी हळू वाजवायला सांग. जोर लावल्यावर कोणताही सॅक्स बोलतो, हळू फुंकल्यावर खालचा सूर निघाला तर पॅडं धड आहेत असं समजायला हरकत नाही. नेक (माउथपीस जिच्यावर चढतो ती वरची नळी) बसवून हलवून बघायचा, घट्ट बसायला हवा. भोंग्यातला एखादा पोचा चालेल, पण नेक खाली ओढला जाऊन वाकलेला असेल तर उठून यायचं. सॅक्सची पेटी उघडल्या उघडल्या बुरशीचा वास आला तर पॅडं बदलण्याचा खर्च किमतीतून कापून मागायचा.

माउथपीसकडे लोक बघतच नाहीत आणि निम्मा सूर तिथेच असतो. यामाहाबरोबर येणारा ४सी पहिल्या वर्षाला पुरेसा आहे. दुसरा कुठला स्वस्त सॅक्स गळ्यात पडलाच, तर निदान हा माउथपीस वेगळा विकत घे. रीड दोन नंबरची किंवा फार तर अडीचची. ती बोरूसारख्या वनस्पतीची पातळ पट्टी असते, टोकाला तर कागदाहून नाजूक. दाताला लागली की संपली. वरचे दात थेट माउथपीसवर टेकायचे आणि खालचा ओठ खालच्या दातांवर गादीसारखा घ्यायचा, बाकीचं शिक्षक दाखवतील. वाजवून झाल्यावर रीड काढून, पुसून सपाट खोक्यात ठेवायची आणि नळीतून फडकं ओढून आतलं पाणी टिपायचं. ही कामं आईवर ढकलायची नाहीत.

शेजारच्या काकूंना आधीच सांगून ठेव. आवाज दाबायला भोंग्यात टॉवेल कोंबायची युक्ती तुला कुणीतरी सुचवेलच. तिचा उपयोग होत नाही, कारण सॅक्सचा आवाज नुसत्या भोंग्यातून येत नाही, उघड्या राहिलेल्या भोकांतूनही येतो. वर टॉवेलमुळे खालचे सूर बिघडतात ते वेगळंच. त्यापेक्षा काकूंची दुपारची झोप कधी असते ते विचारून घे.

कारागिराचं नाव कळलं की मला कळव. पैसे देण्याआधी दुकानातून फोन लाव आणि तो बी-फ्लॅट मला फोनवर ऐकव.

तुझा,
मामा