शाळेतील कर्मचाऱ्यांचे वर्तनविषयक प्रशिक्षण आणि आचारसंहिता

पदवीला मानसशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्यांना बी. एफ. स्किनर आणि त्यांचे साधक अभिसंधान परिचित असते. पेटीतला उंदीर, कळ दाबणे, अन्नाची गोळी, एवढे लिहिले की परीक्षेत गुण मिळतात. परंतु याच तत्त्वांवर अमेरिकेत ‘उपयोजित वर्तन विश्लेषण’ ही व्यवहारोपयोगी शाखा उभी राहिली. १९६८ साली या शाखेचे स्वतंत्र नियतकालिक निघाले. बेअर, वुल्फ व रिझली यांनी त्याच्या पहिल्याच अंकात या शास्त्राची लक्षणे सांगितली. आज तेथील अनेक शाळांमध्ये स्वमग्न मुलांसोबत काम करताना या पद्धतीचा उपयोग होतो. हे काम दिवसभर करतो तो वर्गातील मदतनीस. त्याला तयार कसे करावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

समजा, एक मुलगा लिहायला सांगितले की वही फाडतो. बाई रागावून त्याला वर्गाबाहेर उभे करतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बाईंच्या मते ही शिक्षा झाली. पण मुलाला लिहिण्यापासून सुटका मिळाली, म्हणजे शास्त्राच्या भाषेत त्याच्या वही फाडण्याला प्रबलन मिळाले. गंमत अशी, की वर्ग शांत झाल्यामुळे बाईंच्या बाहेर काढण्यालाही प्रबलन मिळाले! दोघेही एकमेकांना शिकवीत आहेत आणि दोघांनाही त्याचा पत्ता नाही. म्हणून वर्तनापूर्वी काय घडले, वर्तन नेमके काय होते आणि नंतर काय घडले, या तीन गोष्टींची नोंद आधी करावी लागते. लक्ष वेधणे, काम टाळणे, हवी ती वस्तू मिळवणे किंवा शरीराला मिळणारी संवेदना, यांपैकी कशासाठी ते वर्तन होत आहे हे कळल्यावरच उपाय ठरतो. वरील उदाहरणात उपाय म्हणजे लिखाण थोडे-थोडे देणे आणि ‘मला थांबायचे आहे’ हे शब्दाने वा चित्राच्या कार्डाने सांगायला शिकवणे. त्याने कार्ड दाखवताच विश्रांती मिळाली पाहिजे. नाहीतर वही पुन्हा फाटेल.

हे सर्व मदतनीसाला व्याख्यानातून सांगितले तर तो मान डोलावतो, चाचणीत उत्तरेही बरोबर लिहितो आणि वर्गात मात्र पूर्वीप्रमाणेच वागतो. आम्हा बँकेतल्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. परिपत्रक वाचून रोकड मोजता येत नाही. जुन्या रोखपालाशेजारी बसावे लागते. या शास्त्रात प्रशिक्षणाच्या चार पायऱ्या मानल्या जातात: सूचना देणे, करून दाखवणे, करून घेणे आणि तिथल्या तिथे दुरुस्ती सांगणे. शेवटच्या दोन पायऱ्या बहुधा गाळल्या जातात, कारण त्यांना वेळ लागतो. तेथे २०१४ पासून ‘नोंदणीकृत वर्तन तंत्रज्ञ’ ही पात्रता आहे. त्यासाठी ४० तासांचे प्रशिक्षण, प्रत्यक्ष कौशल्याची तपासणी आणि परीक्षा लागते. पुढेही दरमहा कामाच्या किमान ५ टक्के तासांवर देखरेख आवश्यक असते. ४० तास हे कमीच आहेत, असे माझे मत आहे. सगळी भिस्त देखरेखीवर राहते.

कौशल्याबरोबर आचारसंहिता का शिकवावी लागते, याचे उत्तर इतिहासात आहे. १९७२ साली फ्लोरिडातील मायामी येथील सनलँड प्रशिक्षण केंद्राची चौकशी झाली. बौद्धिक अक्षमता असलेल्या तेथील मुलांना ‘वर्तनबदल’ या नावाखाली मारहाण, कोंडून ठेवणे व चारचौघांत अपमान करणे असे प्रकार होत असल्याचे उघडकीस आले. तंत्राचे शब्द तेथे होते, पण त्यावर अंकुश नव्हता. त्यानंतर त्या राज्यात नियम आखले गेले, पुढे १९९८ मध्ये प्रमाणपत्र देणारे मंडळ स्थापन झाले आणि वर्तन विश्लेषकांसाठीची त्या मंडळाची सध्याची संहिता १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. मुलाची माहिती वा छायाचित्र बाहेर जाऊ नये, न शिकलेले काम हाती घेऊ नये, पालकांशी देवघेवीचे किंवा जवळिकीचे नाते जोडू नये, असे त्यातील नियम आहेत. भेटवस्तूची मर्यादा १० डॉलर. आपल्याकडे दिवाळीच्या फराळाचा डबा नाकारणे किती अवघड जाईल, हे वाचकांनीच ठरवावे.

एक आक्षेप येथे नोंदवलाच पाहिजे, आणि तो स्वतः स्वमग्न असलेल्या प्रौढांचा आहे. इव्हार लोव्हास यांच्या १९८७ च्या अभ्यासामुळे ही पद्धत गाजली. परंतु त्यांच्या १९६० च्या दशकातील प्रयोगांत थप्पड व विजेचा झटका यांचाही वापर झाला होता. शिवाय बळेच नजरेला नजर द्यायला लावणे, निरुपद्रवी हात हलवणेही थांबवणे, याने मूल इतरांसारखे दिसते पण आतून थकते, असे ते सांगतात. हा आक्षेप मला रास्त वाटतो. एखादे वर्तन बदलण्यापूर्वी ते कोणाच्या सोयीसाठी बदलायचे आहे, हा प्रश्न प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी मदतनीसापुढे ठेवला पाहिजे.

आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. छडी काढून घेतली. तिच्या जागी काय करावे, हे शिक्षकांना करून दाखवण्याचे काम मात्र मागे पडले. आपल्या सभासदांपैकी जे शिक्षक आहेत व जे विद्यार्थी शिक्षकी पेशात जाणार आहेत, त्यांना एका साध्या वहीपासून सुरुवात करता येईल. पानावर चार रकाने आखावेत: वेळ, आधी काय घडले, मुलाने काय केले, नंतर मोठ्यांनी काय केले. ‘हट्टीपणा केला’ असे लिहू नये. ‘दोन मिनिटांत तीन वेळा पेन्सिल फेकली’ असे लिहावे. आठवडाभराने प्रथम चौथा रकाना वाचावा.